पठारावरची पिंडा आणि वेसाव्याचा नारळ

वर्सोव्याच्या, म्हणजेच वेसाव्याच्या, कोळीवाड्यात पावसाआधी वर्षाचा मसाला होतो. मिरच्यांबरोबर जे जिन्नस भाजायला निघतात त्यांत धने असतात, जिरे-शहाजिरे असते, बडीशेप असते, हिंगाचा खडा असतो. शेजारच्या बरणीत ओवा आणि बाळंतशोपा असतात, आणि बोंबलाच्या कालवणावर चिरून घालायची कोथिंबीर तर रोजचीच. ही सगळी मंडळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात गाजराची भावंडे आहेत. दांड्याच्या टोकाला एकाच जागेवरून निघालेल्या काड्या, प्रत्येक काडीच्या शेंड्यावर बारीक फुलांचा झुबका, कुस्करले की नाकाला झोंबणारा वास आणि खाली बहुधा जाडजूड मूळ ही या कुलाची ओळख. मराठी विश्वकोशात त्याला चामर कुल म्हटले आहे. आपल्या स्वयंपाकात हे कुल इतके मुरलेले आहे की ते परके असेल अशी शंकाही येत नाही. पण यातल्या बहुतेकांचे माहेर भूमध्य समुद्राच्या काठचे नाहीतर पश्चिम आशियातले. हिंग तर आजही मुख्यतः अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येतो. ‘सीएसआयआर’च्या पालमपूरच्या संस्थेने हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात हिंगाचे पहिले रोप लावले ते ऑक्टोबर २०२० मध्ये.

या कुलातली खास आपली म्हणावी अशी वनस्पती मसाल्याच्या डब्यात नाही, बाजारातही नाही. ती ऐन पावसाळ्यात सह्याद्रीच्या पठारांवर आणि डोंगरउतारांवर फुलते. तिचे नाव पिंडा. काही भागांत पांदही म्हणतात. ऑगस्ट-सप्टेंबरात कास पठारावर किंवा घाटमाथ्यावरच्या एखाद्या गडावर गेलेल्या माणसाने ती नक्की पाहिलेली असते, नाव मात्र क्वचितच विचारलेले असते. पश्चिम घाट सोडून जगात इतरत्र ही प्रजाती रानात उगवत नाही. अशा वनस्पतीचे रक्षण कसे करायचे, असे विचारले की आपल्या तोंडी पहिले उत्तर येते ते कुंपणाचे. माणसे दूर ठेवा, गुरे दूर ठेवा, बाकी निसर्ग पाहून घेईल. मला हे उत्तर अपुरे वाटते, आणि त्याविरुद्धचा सगळ्यांत चांगला पुरावा गाजराच्याच घराण्यातून, उत्तर अमेरिकेतल्या लोमॅशियम नावाच्या एका रानटी प्रजातीकडून मिळतो. त्या पुराव्याचा अर्थ वर्सोव्याच्या माणसाला फारसा समजावून सांगावा लागणार नाही.

आधी ओळखीचा प्रश्न. कुल, कुलाच्या पोटात प्रजाती आणि प्रजातीच्या पोटात जाती अशी शास्त्राची उतरंड आहे. चामर कुलात पाने आणि फुले पाहून प्रजाती ठरवायला गेले की फसगत होते, कारण फुले जवळपास सारखी आणि पाने वाटेल तशी बदलणारी. इथे साक्ष चालते ती फळाची. बडीशेपेचा एक दाणा तळहातावर घेऊन चुरला की त्याचे उभे दोन भाग होतात. आपण ज्याला बी म्हणतो ते खरे तर अर्धे फळ असते. त्याच्या पाठीवर पाच कंगोरे दिसतात. कंगोऱ्यांच्या मधल्या खाचांखाली तेलाच्या बारीक नळ्या असतात, आणि बडीशेपेचा सगळा गंध त्या नळ्यांत भरलेला असतो. कंगोरे किती उठलेले, कडेचे पंखासारखे पसरलेत का, फळ चपटे आहे की गोल, नळ्या किती आणि कुठवर पोचतात, या तपशिलांवर या कुलातले भाऊबंदकीचे दावे लढवले गेले. लोमॅशियमचे फळ पाठीकडून चपटे आणि कडेला पातळ पंखाचे. रफिनेस्क या निसर्गशास्त्रज्ञाने १८१९ साली ही प्रजाती वेगळी काढली, पण एकोणिसाव्या शतकात तिच्या अनेक जाती प्यूसिडॅनम नावाच्या जुन्या जगातल्या प्रजातीत कोंबलेल्या होत्या. विसाव्या शतकात हा गुंता सोडवायला मिल्ड्रेड मथायस आणि लिंकन कॉन्स्टन्स हे दोघे बसले. उत्तर अमेरिकेतल्या चामर कुलाची मांडणी त्यांनी नव्याने केली. आज लोमॅशियमच्या पंचाहत्तरहून अधिक जाती मानल्या जातात, आणि त्यांतल्या बहुतेक खंडाच्या पश्चिमेकडच्या कोरड्या, दगडाळ भागात आहेत.

याच कॉन्स्टन्स यांचे नाव सह्याद्रीतल्या वनस्पतीलाही चिकटलेले आहे. मुंबई इलाख्यात वनखात्याचे काम पाहणाऱ्या डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतिज्ञाने एकोणिसाव्या शतकात आपल्या वनस्पतीचे वर्णन केले, तेव्हा तिला हेराक्लियम या मोठ्या, थंड प्रदेशांत पसरलेल्या प्रजातीत घातले आणि कोकणावरून जातीचे नाव दिले. त्याच डाल्झेलने अलेक्झांडर गिब्सन यांच्याबरोबर १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ काढला. पुढे शंभराहून अधिक वर्षे ही वनस्पती हेराक्लियमच्याच घरात राहिली. १९८६ साली प्रशांत मुखर्जी आणि कॉन्स्टन्स यांनी ‘क्यू बुलेटिन’मध्ये तिला वेगळे घर दिले आणि पिंडा ही स्वतंत्र प्रजाती झाली. बरीच वर्षे त्या घरात एकटीच जात होती. अलीकडे महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतूनच दुसरी जात नोंदली गेली, आणि कोल्हापूरचे वनस्पतिशास्त्रज्ञ श्रीरंग यादव यांच्या नावावरून तिचे नाव ठेवण्यात आले. लोमॅशियमची उस्तवार केलेल्या माणसाने पिंडाचेही बारसे करावे हा योगायोग खरा, पण त्यामुळे तुलना अगदीच ओढूनताणून आणलेली ठरत नाही.

तुलनेला खरा आधार दोघींच्या जगण्याच्या रीतीचा आहे. लोमॅशियमच्या कित्येक जाती बर्फ वितळताच डोके वर काढतात, वसंतात घाईने फुलतात, आणि उन्हाळा तापायच्या आत पाने वाळवून जमिनीखालच्या मुळात परततात. वर्षातले काही आठवडेच त्या दिसतात. पिंडाचेही तसेच. मृगाच्या सरींनंतर जमिनीतल्या कंदातून जमिनीलगत पाने पसरतात, श्रावण-भाद्रपदात फूट-दोन फुटांचा, कधी त्याहून उंच दांडा उभा राहतो, त्यावर पांढऱ्या फुलांचे पसरट ताट येते. झुबक्याच्या बाहेरच्या फुलांच्या बाहेर वळलेल्या पाकळ्या आतल्यांपेक्षा ठळक मोठ्या असतात, त्यामुळे शेकडो इवल्या फुलांचा झुबका लांबून एकच मोठे फूल वाटतो, आणि माश्या-भुंगेरे त्यावर उतरतात. पावसाळा सरताना चपटी फळे पिकून गळतात. दिवाळीनंतर त्या जागी पिंडा होती हे सांगूनही पटणार नाही. अशा वनस्पतीचा आठ महिन्यांचा संसार जमिनीखाली असतो. म्हणून वर काय चालते, कधी चालते आणि किती खोल चालते यावर तिचे बरेवाईट ठरते. निव्वळ ‘हात लावू नका’ या पाटीने तिचे भागत नाही.

आता लोमॅशियमकडे. ल्युइस आणि क्लार्क यांची मोहीम १८०६ च्या वसंतात पॅसिफिक किनाऱ्यावरून परत निघाली आणि बिटररूट डोंगरातले बर्फ वितळण्याची वाट पाहत आजच्या आयडाहोमध्ये नेझ पर्स लोकांच्या मुलखात अडकून पडली. शिकार मिळेना, तेव्हा त्यांनी जवळची किडूकमिडूक देऊन जे विकत घेतले त्यात कूस नावाचे कंद आणि त्यांच्या कुटून वाळवलेल्या भाकऱ्या होत्या. कूस म्हणजे लोमॅशियमचीच एक जात. गोऱ्या वसाहतवाल्यांनी पुढे तिला बिस्किट-रूट म्हटले ते त्या भाकऱ्यांमुळे. कोलंबिया नदीच्या पठारावरच्या जमातींना हे अन्न पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते आणि आजही आहे. ऑरेगॉनमधल्या युमॅटिला राखीव प्रदेशातल्या जमाती ज्यांना आद्य अन्ने म्हणतात त्यांत पाणी, सामन मासा, हरीण, कूस आणि हकलबेरी येतात. वसंतात कंदांचा सण होतो. तो होईस्तोवर खणायला कुणी जायचे नाही. सण झाला की बायका टोकदार काठ्या घेऊन माळावर जातात, मोठे कंद उपसतात, लहान राहू देतात, आणि उकरलेली माती पुन्हा लोटतात.

वेसाव्यात हे वाचून कुणाला नवल वाटणार नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही रीत काय वेगळी आहे? खवळलेला समुद्र हे तिचे एक कारण, आणि पावसाळ्यात मासळी अंडी घालते हे दुसरे. दोन्ही कारणे रीतीच्या पोटात गेली आणि वर उरला तो सण. तिथे सामन आणि कंद, इथे पापलेट आणि बोंबील. कोळ्याला कुणी समुद्रापासून तोडले नाही, आणि समुद्र राखायचा म्हणजे मासेमारी बंद करायची असेही तो मानत आला नाही. दोन्हीकडे वापर मान्य आहे, त्याला वेळेचे बंधन आहे, आणि ते बंधन वापरणाऱ्यानेच पाळायचे आहे. माझा मुद्दा नेमका हाच. जमिनीच्या किंवा पाण्याच्या वापरातूनच घडलेल्या जागी उगवणारी वनस्पती वाचवायची तर तिथला वापर पुसून टाकणे हा उपाय नव्हे. वापराचे पंचांग सांभाळणे हा उपाय आहे.

हे भावनेच्या भरातले बोलणे नाही, याचा पुरावा लोमॅशियमच्याच दुसऱ्या एका जातीत आहे. ऑरेगॉनमधल्या विलॅमेट खोऱ्यात ब्रॅडशॉचे लोमॅशियम नावाची पिवळ्या फुलांची जात ओलसर गवताळ माळावर वाढते. त्या खोऱ्यातले कालापूया लोक उन्हाळा संपताना माळाला ठरवून आग लावत. त्या आगीत झुडपे जळत, गवत जळे, पण जमिनीत दडलेल्या मुळांना धग लागत नसे, आणि पुढच्या वसंतात उघड्या जागेवर फुले येत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वसाहतवाले आले, कालापूयांना हुसकावले, आगी थांबल्या. पुष्कळसे माळ नांगरले गेले आणि उरलेल्यांवर झुडपे नि झाडे चढली. माळाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग उरला. १९८८ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने ही जात धोक्यात असल्याचे जाहीर केले. संरक्षण म्हणून जमीन राखली गेली, पण नुसती राखून चालले नाही. झुडपे कापावी लागली, गवत कापावे लागले आणि नियंत्रित आगही पुन्हा लावावी लागली, म्हणजे हुसकावलेल्या लोकांचेच काम सरकारी नोकरांना हातात घ्यावे लागले. खाजगी जमीनमालकही त्यात सामील झाले. २०२१ साली ही जात त्या यादीतून बाहेर आली. यादीत जाणाऱ्या वनस्पती पुष्कळ, परतणाऱ्या फार थोड्या.

यावर पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की वापराने वनस्पती वाचतात तशा मरतातही, आणि या कुलाच्या इतिहासात मरण्याचेच उदाहरण जास्त प्रसिद्ध आहे. आजच्या लिबियातल्या सायरिनी शहराची भरभराट सिल्फियम नावाच्या वनस्पतीवर उभी होती. तिचा चीक मसाला म्हणून आणि औषध म्हणून ग्रीक-रोमन जगात चांदीच्या तोडीने विकला जाई, आणि शहराच्या नाण्यांवर तिचे चित्र असे. बहुतेक अभ्यासक तिला हिंगाच्या जवळची मानतात. ती लावून वाढत नसे, रानातूनच आणावी लागे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने लिहिले की आपल्या आठवणीत तिचा एकच दांडा सापडला आणि तो नीरो बादशहाला पाठवण्यात आला. खुद्द लोमॅशियमच्या घरातही असे घडते आहे. लोमॅशियम डिसेक्टम या मोठ्या मुळाच्या जातीला १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीपासून औषधी म्हणून नाव मिळाले. गुणाचा पक्का पुरावा नसतानाही जडीबुटीच्या बाजारात मागणी वाढली, आणि सावकाश वाढणारे ते मूळ रानातून उपसले जाऊ लागले. तेव्हा वापराची भलामण करणे म्हणजे पिंडालाही या वाटेने धाडणे नव्हे काय?

आक्षेप खरा आहे, पण सिल्फियमची हकीकत शेवटपर्यंत वाचली तर ती कुंपणाची बाजू घेत नाही. थिओफ्रास्टस प्लिनीच्या साडेतीनशे वर्षे आधीचा. त्याने नोंदवले आहे की सायरिनीत मूळ किती आणि कसे कापायचे याचे नियम होते. म्हणजे शहर स्वतःच्या जिवावर जगत होते तेव्हा वापर होता आणि वनस्पतीही होती. प्लिनी दोष देतो तो रोमन अमलात कुरणे ठेक्याने घेणाऱ्यांना. चीक काढण्यापेक्षा मेंढ्या चारण्यात त्यांना जास्त नफा दिसला आणि त्यांनी कुरणे ओरबाडली. ठेकेदाराला पुढच्या वर्षीच्या कुरणाशी देणेघेणे नव्हते. डिसेक्टमचेही तेच. मूळ उपसणारा एकीकडे, विकणारा दुसरीकडे, आणि गोळी घेणारा हजार मैलांवर. कूसच्या बाबतीत खणणारी बाई आणि खाणारे घर एकच, आणि पुढच्या वसंतात तिलाच त्या माळावर परत यायचे असते. सिल्फियम वापराने मेले असे म्हणण्यापेक्षा जागेशी बांधलेला वापर सुटला म्हणून मेले, हे त्या पुराव्याशी जास्त जुळते.

दुसरा आक्षेप वर्सोव्यातूनच येईल. नारळाने दर्या वाचतो हे खरे असते तर आज डोलीच्या जाळ्याला लागणारा बोंबील आणि त्यावर चालणारी घरे इतकी चिंतेत का? रीत पाळणारी छोटी होडी बंदरात उभी असते आणि पर्ससीन जाळी किंवा एलईडीच्या झगझगाटात मासळी गोळा करणारी मोठी बोट दर्या उपसून नेते. सणाला कायद्याचा दात नसला तर तो प्रामाणिक माणसालाच शिक्षा करतो. हे अगदी मान्य. म्हणूनच महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, १ जून ते ३१ जुलै अशी पावसाळी बंदी आहे, २०१६ पासून पर्ससीनवर निर्बंध आहेत, केंद्राने एलईडी मासेमारीवर २०१७ साली बंदी घातली आहे, आणि २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या माशांचा किमान आकारही ठरवून दिला. अंमलबजावणीबद्दल तक्रारी आहेत आणि त्या रास्त आहेत. पण या कायद्यांचा आराखडा पाहा. त्यात मासेमारी बंद नाही. त्यात महिने आहेत, जाळ्याचे प्रकार आहेत, माशाची लांबी आहे. बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, अशी मागणी अनेक मच्छीमार संघटनाच करत आल्या आहेत. सरकारने आखलेली रेघ अपुरी आहे, आमची जुनी रेघ पुढे होती, असे वापरणाराच सांगतो, तेव्हा त्याच्या ज्ञानाला नियमात जागा हवी हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. युमॅटिलातही नुसता सण नव्हता. १८५५ च्या तहात त्या जमातींनी कंद आणि बोरे गोळा करण्याचा, गुरे चारण्याचा हक्क लिहून घेतला होता. सणाच्या पाठीशी कागद होता.

आता हा विचार सह्याद्रीवर आणून ठेवू. कास पठार साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास, समुद्रसपाटीपासून बाराशे मीटर उंचीवर आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्यांत ते आले. त्याआधीपासूनच गर्दी वाढली होती. पायदळी तुडवल्या जाणाऱ्या फुलांचे फोटो छापून येत होते. मग दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, आगाऊ नोंदणी आली, आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे कारभार आला, आणि जाळीचे कुंपणही आले. कुंपणाने माणसे अडली तशी गुरेही अडली. काही वर्षांतच वनस्पतिज्ञ आणि गावकरी दोन्हीकडून आवाज उठला की चराई थांबल्यावर गवत माजते, आणि पातळ मातीच्या थरावर उजेडासाठी धडपडणाऱ्या लहान फुलझाडांना ते दडपते. म्हशींच्या तोंडाने शतकानुशतके जे काम होत होते ते अचानक थांबले होते. विलॅमेट खोऱ्यात आग विझल्यावर झुडपांनी जे केले, त्याचीच ही गवताने केलेली आवृत्ती म्हणता येईल.

इथे पिंडाच्या बाजूने एक शंका काढता येते आणि ती काढायलाच हवी. पिंडा उंच वाढते. गवताने दबणारी ती इवलीशी वनस्पती नव्हे, आणि उलट गुरांनी ऐन ऑगस्टात तिचा फुललेला दांडा खाल्ला किंवा मोडला तर त्या वर्षाचे बी बुडालेच. मग चराईचे गोडवे तिच्या नावाने कसे गायचे? उत्तर पुन्हा वेळेत आहे. दांडा उंच असला तरी तिची पाने जमिनीलगत असतात, आणि जूनअखेर ती पसरत असताना उजेड मिळणे तिला गरजेचे असते. त्यामुळे आदल्या हंगामाचे गवत उन्हाळ्यात चरून किंवा कापून गेलेले असणे तिच्या पथ्यावर पडते, आणि भर श्रावणात तिच्यात गुरे सोडणे तिच्या मुळावर येते. एकच म्हैस मे महिन्यात मित्र आणि ऑगस्टात वैरी. कुंपणाला हा फरक कळत नाही. तो गावातल्या गुराख्याला कळतो, निदान कळू शकतो. वणव्याबद्दलही हेच, फक्त जास्त सावधपणे. घाटात फेब्रुवारी-मार्चमध्ये लावले जाणारे बेफाम वणवे घरटी, रोपटी, झाडांच्या साली सगळेच जाळतात. विलॅमेटचा दाखला देऊन त्यांचे समर्थन कुणी करू नये. तिथली आग ठरलेल्या ऋतूत, ठरलेल्या तुकड्यावर आणि माणसाच्या नजरेखाली असते, आणि कोरड्या उन्हाळ्याचा तो प्रदेश आपल्या मोसमी पठाराहून फार वेगळा आहे. तिथून उचलायची ती काडी नव्हे, प्रश्न विचारायची सवय: या जागेवर पूर्वी कोण काय करीत होते, आणि ते थांबल्याने काय झाले?

पिंडा काही दुर्मीळ नाही, घाटमाथ्यावर ठिकठिकाणी दिसते, मग एवढा खटाटोप कशाला, असे म्हणणाऱ्यांनी तिचा विस्तार नकाशावर पाहावा. महाबळेश्वर-कासपासून हरिश्चंद्रगडाच्या परिसरापर्यंत ती मुबलक असली तरी जगाच्या हिशेबात ती एका अरुंद डोंगरपट्टीत कोंडलेली आहे. त्या पट्टीतल्या पठारांवर रिसॉर्ट, पवनचक्क्या, रस्ते आणि बंगल्यांचे प्लॉट यांची नजर आहे. बाहेर कुठे तिची शाखा नाही, इथून गेली की संपली. दुसऱ्या बाजूने एखादा जाणकार टोकेल की प्रजाती हा माणसाने मारलेला शिक्का आहे, तो उद्या पुसला जाऊ शकतो. हे तर लोमॅशियमबाबत घडतेच आहे. डीएनए तपासल्यावर लोमॅशियम आणि शेजारच्या सिमॉप्टेरससारख्या प्रजातींची वंशावळ एकमेकींत गुरफटलेली निघाली. कोरड्या, वाऱ्याच्या जागी राहून वेगवेगळ्या घराण्यांनी सारखाच ठेंगणा बांधा धरला होता, आणि फळांचे पंख पुनःपुन्हा उगवले आणि गळले होते. पिंडाचेही सर्वांत जवळचे नातेवाईक हेराक्लियमच्याच गोतावळ्यात आहेत. उद्या कुणी तिला पुन्हा मोठ्या घरात घेतले तर? घेवोत. अनन्य प्रजाती या बिरुदावर संरक्षणाची सगळी इमारत उभी करणाऱ्यांना त्याने धक्का बसेल. पण पठारावर ऋतूप्रमाणे उगवणारी, त्याच मातीत कंद धरणारी, बाहेर कुठे नसलेली वनस्पती तशीच राहील. जपायचा आहे तो कंद, आणि त्याच्या डोक्यावरून चालणारा वर्षाचा व्यवहार.

त्या व्यवहारात आता सगळ्यांत मोठा वापर पर्यटकाचा आहे, आणि त्यात वर्सोवा-अंधेरीहून शनिवारी पहाटे निघणाऱ्या गाड्यांचा वाटा लहान नसावा. पर्यटक फूल खात नाही, खणत नाही, म्हणून आपण वापर करत नाही असे त्याला वाटते. पण पठारावरची माती कित्येक जागी बोटभर जाडीची असते, आणि तिच्यातल्या कंदाला पायही लागतो, तिकिटाचे वेळापत्रकही लागते. सध्या हंगाम फुलांच्या बहराकडे आणि सुट्ट्यांकडे पाहून चालतो, आणि फुले ओसरली की सगळ्यांचे लक्षही ओसरते. पिंडाचे निकडीचे दिवस त्यानंतर येतात. पाकळ्या गळून गेलेल्या, वाळक्या दांड्यावर चपटी फळे पिकत असलेल्या त्या दोन-तीन आठवड्यांत पठारावर बघण्यासारखे काही उरत नाही, गवत कापायची घाई मात्र सुरू होते. समित्यांनी आपल्या नियमांत पर्यटकांच्या संख्येच्या जोडीला एवढे एकच कलम घातले तरी पुष्कळ होईल: ज्या तुकड्यावर पिंडा आहे तिथे विळा आणि गुरे फळे गळाल्यावरच. तारीख दरवर्षी पावसाप्रमाणे मागेपुढे होईल, म्हणून ती मुंबईत किंवा साताऱ्यात बसून छापता येणार नाही. ती त्या त्या गावच्या माणसाने पठारावर जाऊन, दांड्याला हात लावून पाहून ठरवायची.